नासिकतो, नाशकाहून, नाशिकवरून

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने निघाले की वाटेत बेडसे लागते. गावामागच्या डोंगरात सुमारे चारशे पायऱ्या चढायच्या, दोन कातळांमधल्या अरुंद बोळातून आत शिरायचे, की एकदम उंच खांब समोर उभे राहतात. लेणे पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळी लवकर गेलेले बरे. खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी आहेत. पाहणाऱ्याची मान आपोआप वर जाते. मला मात्र व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावरची ओळ पाहायची असते. ब्राह्मी अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता ती कोरली आहे. देवनागरीत ती अशी लागते: नासिकतो आनदस सेठिस पुतस पुसणकस दानं. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक, त्याचे दान.

बेडशाला असे तीन लेख आहेत. दुसरा पाण्याच्या टाक्यावर आहे आणि तो एका बाईचा आहे: महाभोयबालिकाय महादेविय महारठिनिय सामडिनिकाय देयधम आपदेवणकस बितियिकाय. महाभोजाची मुलगी, महादेवी, महारठिनी सामडिनिका, आपदेवणकाची पत्नी, तिने दिलेले हे धर्मदान. तिसरा लेख एका लहान स्तूपावरचा. तो झिजला आहे, पण गोभूती नावाच्या भिक्षूचे नाव लागते. त्याची वर्णनेही लागतात: ‘आरणक’ म्हणजे अरण्यात राहणारा, ‘पेडपातिक’ म्हणजे भिक्षेवर जगणारा, आणि ‘मारकुडवासी’. त्याचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, आसाळमित याने हा ‘थुप’ करवला.

तिन्ही लेखांत ना शक आहे ना राजाचे नाव. अक्षरांची वळणे आणि लेण्याची घडण पाहून अभ्यासक बेडशाचे काम इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास ठेवतात. म्हणजे ही दोन हजार वर्षांपूर्वीची, मावळातल्या एका डोंगरावरची, तीन माणसांची तीन वाक्ये. आपली भाषा कशी आणि कशामुळे बदलत आली हे सांगायला एवढा ऐवज पुरतो का? मला वाटते पुरतो, पण तो जपून वापरावा लागतो.

जपण्याची पहिली जागा म्हणजे वाचन. ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास उलगडली. डॅनिश संस्कृतज्ञ वेस्टरगार्ड यांनी १८४० च्या दशकात या लेण्यांचे टिपण मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिले, तेव्हा त्यात बेडशाचे नाव ‘बेरा’ असे छापले गेले. आपला ‘ड’ त्या कानांना ‘र’सारखा लागला असावा. पुढे जेम्स बर्जेस आणि जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख १८८१ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले, आणि बेडशाचे लेख अभ्यासकांच्या हाती आले. भगवानलालांविषयी मला फार आदर वाटतो. उन्हातान्हात डोंगर चढून, भिंतीवरून हात फिरवून, एकेक मात्रा तपासून त्यांनी पश्चिम भारतातली ही वाचने केली. आज आपण खुर्चीत बसून जे अनुमान काढतो ते त्या बोटांच्या भरवशावर.

दुसरी जागा म्हणजे लेखनाची पद्धत. ब्राह्मीत कोरणारे जोडाक्षरातली दुप्पट काढत नसत आणि अनुस्वारही पुष्कळदा सोडून देत. ‘आनदस’ हे आनंदाचे नाव आहे. ‘पुतस’ कोरले असले तरी उच्चार ‘पुत्तस्स’ असणार. हे कशावरून म्हणायचे? त्याला साक्ष आपली मराठीच देते. प्राकृतात दोन स्वरांमधला एकेरी ‘त’ पुढे गळून गेला: माता–माय, घात–घाव. दुहेरी ‘त्त’ मात्र टिकला. त्याची एक मात्रा आधीच्या स्वराला मिळाली आणि तो स्वर दीर्घ झाला. सप्त–सत्त–सात, भक्त–भत्त–भात. ‘पूत’ या शब्दात ‘त’ शाबूत आहे आणि ‘पू’ दीर्घ आहे. म्हणजे मध्ये कधीतरी ‘पुत्त’ असलेच पाहिजे. कोरणाऱ्याने जे अक्षर सोडले ते आजवर लोकांच्या जिभेने सांभाळले. तिकडे इटलीत लॅटिनच्या ‘सेप्टेम’चे ‘सेत्ते’ झाले. ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि ‘सेप्टेम’चे ‘सेत्ते’ यांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता. दोन व्यंजने लागोपाठ आली की पहिले दुसऱ्यासारखे करून टाकावे, हा जिभेचा कल दोन्हीकडे सारखाच होता.

तिसरी जागा जरा अवघड आहे, आणि ती मला बेडशाच्या लेखांमधून नव्हे, आजच्या देवळांमधून कळली. मावळातल्या कुठल्याही गावच्या देवळात जा. पंख्यावर, घड्याळावर, बाकावर रंगवलेले असते: ‘अमुक अमुक यांजकडून सप्रेम भेट’. ‘यांजकडून’ असे कोणी बोलत नाही. पंखा देणारा नाही, रंगवणारा नाही, त्यांचे आजोबाही बहुधा बोलत नसत. तरी दान लिहायचे म्हटले की हात आपोआप तिकडेच वळतो, कारण दानाची भाषा ठरलेली असते. देणारा ती नवी घडवत नाही, आधीच्या पाटीवरून उचलतो. दानलेख नेहमी बोलण्याच्या मागे असतो.

पुसणकाच्या ओळीला हे लावून पाहा. ‘अमक्यातो अमकस पुतस अमकस दानं’ हा साचा नाशिक, कार्ले, कुडे, कान्हेरी असा सगळीकडे मिळतो. तो एका मोठ्या टापूतला लिहिण्याचा रिवाज होता. म्हणून या तीन ओळी म्हणजे त्या काळची मावळी बोली, असे म्हणणे चूक ठरेल. सामडिनिका टाक्यावर जे कोरून घेते ते ती घरात बोलत असेलच असे नाही. २०२४ च्या ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला, तेव्हा सातवाहनकालीन लेखांची पुष्कळ चर्चा झाली. मला त्या निर्णयाचा आनंद आहे. पण या लेखांना सरळ ‘मराठी’ म्हणून टाकले की मधली सारी वाट पुसली जाते, आणि खरा आनंद तर त्या वाटेत आहे.

मग बोलीचा माग कुठे लागतो? जिथे कोरणाऱ्याचा हात साच्यातून निसटतो तिथे. सामडिनिका स्वतःला ‘महाभोयबालिका’ म्हणवते. कुड्याच्या लेण्यांत हाच हुद्दा ‘महाभोज’ असा कोरलेला आहे. ‘भोज’ हे रीतीचे रूप, ‘भोय’ हे कानावर पडणारे. दोन स्वरांमधला ‘ज’ सैल होऊन ‘य’ होऊ लागला होता, आणि टाक्यावरच्या लेखात ते चुकून उघडे पडले. हीच सैल पडण्याची चाल पुढे ‘बीज’ या शब्दाला लागली: बीज, बीय, बी. मावळातला शेतकरी आजही बी पेरतो, बियाणे राखतो.

पण भाऊबीजेच्या ‘बीज’मधला ‘ज’ का गळला नाही? कारण ती बीज वेगळी. तिचा मूळ शब्द ‘द्वितीया’, आणि तो सामडिनिकेच्या लेखात शेवटी बसला आहे: बितियिका. ‘द्वितीया’ म्हणजे इथे दुसरी बायको नव्हे. जोडीतले दुसरे माणूस म्हणजे सोबतीण, म्हणजे पत्नी. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘द्व’चे ओठ मिटले आणि ‘ब’ झाला. मधला ‘त’ पुढे गळाला, ‘-ईय’चे ‘-इज्ज’ झाले, आणि हा ‘ज्ज’ दुहेरी असल्यामुळे टिकला. म्हणून द्वितीयेची बीज ‘बीज’च राहिली आणि शेतातल्या बीजाचे ‘बी’ झाले. एकाच कानाला सारखे ऐकू येणारे दोन शब्द, पण त्यांचा पूर्वेतिहास एका अक्षराने वेगळा होता, आणि तेवढ्यानेच त्यांची वाट फुटली.

या ‘द्व’चा ‘ब’ आपण रोज उच्चारतो. द्वादशचे बारा, द्वाविंशतिचे बावीस, आणि शाळेत पाढा म्हणताना ‘बे एके बे’. साधे मोजताना मात्र ‘दोन’ आणि क्रम सांगताना ‘दुसरा’. तिथे ‘व’ हरला आणि ‘द’ जिंकला. असे का, तर भाषा एका घरातून येत नाही. वेगवेगळ्या भागांतले, वेगवेगळ्या थरांतले उच्चार एकत्र येतात आणि एकेका शब्दाला एकेक ठिकाण मिळते. तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा घ्या. ‘सात’मध्ये ‘सप्त’चे जोडाक्षर मिटलेले आहे, ‘बारा’मध्ये सामडिनिकेच्या ‘बितियिके’तला ‘ब’ आहे.

स्तूपावरच्या गोभूतीची विशेषणेही अशीच गावात उतरली आहेत. ‘आरणक’मधले अरण्य प्राकृतात ‘अरण्ण’, मग ‘रण्ण’ झाले आणि मराठीत ‘रान’ म्हणून आले. ‘पेडपातिक’मध्ये ‘पिंड’ शब्द आहे, भिक्षेत पडणारा अन्नाचा गोळा. कोरणाऱ्याने ‘पि’ऐवजी ‘पे’ काढला, आणि तोच ‘पे’ आपल्या ‘पेंड’मध्ये आहे: तेल काढून उरलेला, गुरांना घालायचा गोळा. भिक्षूच्या वाडग्यातला शब्द गोठ्यात आला. रानात एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अरण्यातला ‘ण’ जोडाक्षरात होता, प्राकृतात तो दुहेरी झाला आणि मराठीत त्याचा ‘न’ झाला; कर्ण–कण्ण–कान तसे. लेण्याला मात्र मूळ ‘लयन’. तिथे एकेरी ‘न’चा ‘ण’ झाला आणि तो तसाच राहिला. कार्ल्याच्या लेखांत ‘लेण’ आहे, आपणही ‘लेणे’च म्हणतो. रान आणि लेणे यांतले ‘न’ आणि ‘ण’ आपण विचार न करता बरोबर उच्चारतो, आणि त्यामागे दोन हजार वर्षांचा हिशेब आहे.

लोणावळ्याचे नाव ‘लेणावली’वरून आले असे नेहमी सांगितले जाते. ऐकायला छान वाटते. पण ‘लेण’चा ‘लोण’ करणारा नियम मराठीत दिसत नाही. ‘लेणे’, ‘लेणी’ हे शब्द तर शेजारीच ‘ए’कार धरून बसले आहेत. कानाला गोड वाटते म्हणून व्युत्पत्ती मान्य करायची नसते.

मावळ या नावाची गोष्ट वेगळी, तिला कागद नसला तरी दगड आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सातवाहनकालीन राजाज्ञेत भिक्षुसंघाला ‘मामालाहारा’तला एक ‘गाम’ दिल्याची नोंद आहे. ‘आहार’ म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग. मामाल आणि गाम, दोन्ही शब्द एकाच आज्ञेत आहेत आणि दोन्हींत स्वरांमधला ‘म’ आहे. तो ‘म’ सैल होऊन सानुनासिक ‘व’ झाला: गाम–गाँव–गाव, नाम–नाव. मामालचा मावळ त्याच वाटेने झाला. शेवटचा ‘ल’ एकेरी होता म्हणून ‘ळ’ झाला, जसे फलचे फळ. तालुक्याचे ठिकाण वडगाव, त्याचेही दोन्ही तुकडे असेच घासले गेले: वटचा वड, ग्रामचे गाव. कोणी बसून हे ठरवले नव्हते. आईकडून मूल शिकते तेव्हा ऐकलेल्याची तंतोतंत नक्कल करत नाही, ऐकलेल्यातून आपली रीत बसवते. एका पिढीचा सैल उच्चार पुढच्या पिढीचा नियम होतो.

आता ‘मौजे बेडसे, तालुका मावळ, जिल्हा पुणे’ ही सरकारी ओळ घ्या. मावळ मामालचा. पुण्याचे नाव आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्य, पूनक अशा रूपांत येते. पण मौजे, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द अरबी, फारसी दप्तरातून आलेले. ‘आहार’ कधी घासला गेला नाही, तो उचलून बाजूला ठेवला गेला. राज्य बदलले की दप्तर बदलते, आणि दप्तराबरोबर त्याचे शब्द जातात. शिवकाळात रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला गेला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्यातले काही रुजले, तालुका आणि जिल्हा मात्र हलले नाहीत. उच्चाराचा बदल आतून येतो आणि सगळ्या शब्दांना एकदम लागतो. हुद्द्यांचा, करांचा, विभागांचा शब्द बाहेरून येतो आणि एकेकटा येतो. दोन्हींना ‘भाषा बदलली’ म्हणतात, पण ती दोन वेगळी कामे आहेत.

शब्दांपेक्षा मला व्याकरणाचा बदल जास्त खोल वाटतो, आणि त्यासाठी पुन्हा आसाळमिताकडे जायला हवे. त्याचे वाक्य ‘आसाळमितेन कारित’ असे आहे. आसाळमिताकडून करवलेला. कर्ता तृतीयेत, क्रियापद म्हणजे मुळात विशेषण, आणि ते केलेल्या वस्तूशी जुळते. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी, दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान कधीतरी, मराठीत कोरले गेले: श्रीचावुण्डराजें करवियलें. ‘-एन’ची झिजून ‘-एं’ झाली. ‘कारित’च्या वंशात ‘ल’ येऊन बसला. हा ‘ल’ मराठ्यांच्या बोलण्यात आहे हे जालोरच्या उद्योतनसूरींना ७७९ मध्येच जाणवले होते. निरनिराळ्या प्रांतांतले व्यापारी कसे बोलतात याचे वर्णन करताना त्यांनी मराठ्यांच्या तोंडी ल-कारान्त रूपे घातली. आणि आज आपण म्हणतो: चावुंडराजाने करवले. ‘-एं’ फार बारीक झाली म्हणून तिला ‘ने’चा आधार द्यावा लागला.

वाक्याची हाडे मात्र तीच आहेत. ‘मुलाने आंबा खाल्ला, मुलाने चिंच खाल्ली’, क्रियापद मुलाशी नव्हे तर आंब्याशी आणि चिंचेशी जुळते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे फार जड जाते. त्याला समजावताना मी नेहमी बेडशाच्या स्तूपाचे नाव घेतो. थुप आसाळमिताकडून करवलेला; म्हणजे ‘करवलेला’ हा थुपाचाच गुण होता. प्रत्यय गेले, नवे आले, आतला सांगाडा राहिला.

पुसणकाच्या ओळीत याच्या उलट घडलेले दिसते. आनदस, सेठिस, पुतस, पुसणकस: चार शब्द, चारही ठिकाणी ‘स’. आज आपण प्रत्यय एकदाच लावतो. मधल्या काळात तो ‘स्स’ हळूहळू ‘ह’ आणि मग नुसता ‘आ’ होत गेला असावा, आणि आपण ज्याला सामान्यरूप म्हणतो त्यात तो मुरला, अशी मांडणी झ्यूल ब्लॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीच्या घडणीवर लिहिताना केली. या मधल्या पायरीचा एक सुंदर पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला १२०६ च्या सुमारास उत्पन्न लावून दिले, त्या शिलालेखाच्या मराठी भागात ‘मढा दीन्हला’ असे आहे. मठाला दिला. ‘मढा’ला पुढे काहीच लागलेले नाही, सामान्यरूप एकटेच विभक्तीचे काम करते आहे. पुढे तेवढे पुरेना, म्हणून ‘स’, ‘ला’ जोडावे लागले. प्रत्यय झिजतो, वाक्य संदिग्ध होऊ लागते, मग एखादा पूर्ण शब्द मागे येऊन चिकटतो, तोही पुढे झिजतो. भाषा बिघडली असे जे दर पिढीत म्हटले जाते ते बहुधा या चक्रातल्या झिजण्याच्या बाजूकडे पाहून. चिकटण्याची बाजू तितकीच खरी आहे.

सामडिनिकेच्या लेखातला एक शब्द मी मुद्दाम राखून ठेवला होता: देयधम. धर्मचा ‘धम्म’. कर्म–कम्म–काम, घर्म–घम्म–घाम, चर्म–चम्म–चाम या ओळीने ‘धम्म’चे ‘धाम’ व्हायला हवे होते. झाले नाही. घाम आणि चाम रोज लागणारे शब्द, ते बोलण्यातून आले. धर्म पोथीतून पुन्हा घेतला गेला, म्हणून तो जोडाक्षरासह ‘धर्म’च राहिला. आणि विसाव्या शतकात ‘धम्म’ही परत आला. २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामशेतच्याच रेल्वेमार्गावरच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि ‘धम्म’ हा पाली शब्द लाखो घरांत मराठी शब्द म्हणून बोलला जाऊ लागला. उच्चाराच्या कुठल्याही नियमाने हे घडले नसते. माणसांनी विचार करून, आपल्या प्रतिष्ठेसाठी, एक शब्द निवडला. आज बेडशाला येणारा एखादा कार्यकर्ता टाक्यावरच्या लेखात ‘धम’ ही अक्षरे ओळखतो तेव्हा त्याला अनुवाद लागत नाही. दोन हजार वर्षांत जो शब्द वाटेतच राहिला होता त्याला लोकांनी जाऊन आणले.

आता पुसणकाच्या ओळीचा पहिला शब्द. नासिकतो. त्यात एक बदल पुढे झाला तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे: ‘इ’ किंवा ‘ए’ पुढे असला की ‘स’चा ‘श’. त्याच ओळीतला ‘सेठि’ शेट झाला, नासिक नाशिक झाले, गावाची सीमा शीव झाली. गंमत अशी की ‘नाशकाला’ म्हणताना ‘इ’ निघून जाते तरी ‘श’ राहतो. ज्या स्वरामुळे तो ‘श’ झाला तो स्वर आता तिथे नाही. बेडशाच्या नावातही तेच चालते. बेडसे, पण बेडस्याला म्हणता म्हणता बेडशाला. पैसा–पैशाला, ससा–सशाला तसे. अलीकडे मात्र फलकांवर, बातम्यांत आणि तरुण मुलांच्या बोलण्यात ‘बेडसेला गेलो’, ‘नाशिकला’ असे येऊ लागले आहे. गावाचे नाव नकाशावर जसे आहे तसेच ठेवायचे, त्याला मुरड घालायची नाही, असा नवा कल आहे. लिहिलेल्या नावाचा वचक बोलण्यावर पूर्वी इतका नव्हता, कारण नाव लिहिलेले पाहणारेच थोडे होते.

आणि ‘तो’? संस्कृतातला ‘-तः’, प्राकृतातला ‘-तो’. बोलण्यातून तो केव्हाच गेला. वस्तुतः, मुख्यतः, स्वतः अशा उसन्या शब्दांत उरला. त्याच्या जागी ‘हून’ आला. हा ‘होऊन’चा झिजलेला भाग असावा असे मत आहे, नाशिक होऊन आलो, नाशकाहून आलो. आता ‘हून’चीही वेळ भरत आली आहे. कामशेतच्या फलाटावर उतरलेल्या मुलांना ‘कुठून आलात’ विचारले तर ती ‘नाशिकवरून’ म्हणतात. व्याकरणाचे शिक्षक यावर चिडतात: नाशिकच्या वरून उडत आलात काय? त्यांची चीड मी समजू शकतो, मलाही ‘नाशकाहून’च बरे वाटते. पण लॅटिनच्या एका अनामिक शिक्षकाने अशीच यादी करून ठेवली होती. ‘औरिस’ म्हणा, ‘ओरिक्ला’ म्हणू नका, अशा शेकडो सूचना. आज इटालियनमध्ये कानाला ‘ओरेक्क्यो’ म्हणतात, आणि तो शब्द त्या चुकीच्या ‘ओरिक्ला’तूनच आला. यादी मात्र अभ्यासकांच्या फार उपयोगी पडली, कारण लोक खरे कसे बोलत होते ते तिच्यामुळे कळले.

म्हणून ‘नाशिकवरून’ ऐकले की मी आता दुरुस्त करत नाही, वहीत तारीख घालून टिपून ठेवतो. पुसणकाच्या खोलीच्या दारावर तारीख नव्हती.